हद्द रेल्वेची, वाट लोकांची

१४ मार्च २०१९च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेल्या हिमालय पुलाचा भाग ऐन गर्दीच्या वेळी खालच्या रस्त्यावर कोसळला आणि त्यात माणसे दगावली. ढिगारा उपसणे चालू असतानाच एक वाद सुरू झाला होता: पूल कोणाचा? रेल्वे म्हणाली, आमचा नाही, महापालिकेचा. पालिकेच्या बाजूनेही सुरुवातीला हात झटकले गेले, आणि शेवटी पूल पालिकेचाच निघाला. स्टेशनातून बाहेर पडून रोज त्या पुलावरून जाणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडला नव्हता, पडायचे काही कारणही नव्हते. पण रेल्वे आणि तिच्या शेजारी राहणारे लोक यांच्यातले कुठलेही भांडण उकलत गेले, मग ते फाटकाचे असो, झोपड्यांचे असो, भोंग्याचे असो की कोळशाच्या धुळीचे, तरी बहुतेक वेळा आपण याच प्रश्नापाशी येऊन पोचतो. रूळ कोणाचे हे सगळ्यांना माहीत असते. रुळांनी जे तोडले ते जोडून द्यायचे कोणी, हे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

दोन दूरची गावे जोडणारा लोहमार्ग मधल्या वस्तीसाठी आडवी भिंत असतो. मुंबईत हे जितके ठळक दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा वाटेत शेते, मिठागरे आणि कोळीवाडे होते. शहर नंतर या रुळांना धरून उत्तरेकडे सरकत गेले. आज उपनगरातला पत्ता ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ हे सांगितल्याशिवाय पुरा होत नाही, आणि ही पूर्व-पश्चिम रुळांवरून ठरते. महापालिकेचे विभागसुद्धा याच रेघेने पाडलेले आहेत: एच पूर्व, एच पश्चिम, के पूर्व, के पश्चिम. शाळा एका अंगाला, बाजार दुसऱ्या अंगाला, दवाखाना तिसरीकडे, आणि मधून दर तीन-चार मिनिटांनी गाडी. रेल्वे केंद्र सरकारची, रस्ते-पाणी-गटारे पालिकेची, झोपडपट्टीचे धोरण राज्य सरकारचे. रुळांवर घुसणाऱ्याला पकडणारे रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, तर तोच माणूस गाडीखाली आला की पंचनामा करणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे. प्रत्येक खात्याची जबाबदारी त्याच्या मालमत्तेच्या कुंपणाशी संपते. रेल्वेचा परिणाम मात्र कुंपणाशी थांबत नाही. माझ्या मते भांडणाचे मूळ या दोहोंच्या मधल्या फटीत आहे. ती फट ज्या ज्या ठिकाणी कोणीतरी अंगावर घेतली, म्हणजे पैसा, अधिकार आणि जाब देण्याची सक्ती एकाच जागी आली, तिथे भांडण खरोखर उणावले. भिंती, दंड आणि ‘रूळ ओलांडू नका’चे फलक यांचा उपयोग आहे, पण तो त्यानंतरचा.

सर्वांत भयंकर हिशेब आधी घेऊ. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२४ साली २,४००हून अधिक माणसे मेली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी रूळ ओलांडताना. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एकूण आकडा साडेतीन ते चार हजारांच्या घरात असे. तेव्हा घट झाली आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२च्या अहवालात देशभरात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे अशा तऱ्हेने रुळांवर मरतात असा अंदाज दिला होता, आणि या प्रकाराला कत्तल म्हणायलाही समिती कचरली नव्हती. समितीच्या अहवालातली त्याहून बोचरी गोष्ट अशी की, हे मृत्यू रेल्वे अपघातांत धरलेच जात नाहीत. रेल्वेच्या लेखी अपघात म्हणजे गाडी घसरणे, गाड्यांची टक्कर, आग. रूळ ओलांडणारा हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७खाली विनापरवाना हद्दीत शिरलेला माणूस. तो जिवंत सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि मेला तर लोहमार्ग पोलिसांच्या वहीत एक नोंद. हिशेबाच्या या पद्धतीमुळे एक विचित्र गोष्ट होते. गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर त्याचा जाब विचारायला साखळीभर अधिकारी असतात. त्याच जागी महिन्याला दोन माणसे मेली तर जाब कोणाला विचारायचा हेच ठरलेले नसते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. पूल बांधलेला असतो, सरकता जिना असतो, तरी लोक दोन मिनिटे वाचवायला खालून जातात. त्याला रेल्वेने काय करायचे? ज्याला जिवाची पर्वा नाही त्याच्यासाठी कोण रडणार? पण पुलाचे गणित जरा मांडून पाहावे. रुळांवर २५,००० व्होल्टची तार असते. तिच्या वरून नवा पूल न्यायचा तर त्याचा तळ रुळांपासून साडेसहा मीटरच्या आसपास उंच ठेवावा लागतो. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर चढायला चाळीसच्या वर पायऱ्या आणि उतरायला तेवढ्याच. धडधाकट तरुणाला त्याचे काही नाही. डोक्यावर हंडा घेतलेली बाई, कडेवर मूल, गुडघे गेलेला म्हातारा, हातगाडीवाला यांच्यासाठी तो पूल कागदावरच असतो. शिवाय पूल असतो स्टेशनाच्या टोकाला, आणि दोन स्टेशनांच्या मधोमध राहणाऱ्याला पुलासाठी अर्धा-पाऊण किलोमीटर जाऊन पलीकडे तेवढेच परत यायचे असते. भुयारी वाट काढली तर चढ-उतार निम्म्यावर येतो, पण मुंबईत तिचा पावसाळ्यात हौद होतो. अंधेरी आणि मिलन सबवेची नावे दर पावसाळ्यात बातम्यांत का येतात, हे सांगायला नको.

रुळांच्या कडेच्या संरक्षक भिंतीला पडलेले एखादे खिंडार नीट पाहिले तर हे सगळे तिथे वाचता येते. खिंडाराच्या कडा हातांनी धरून धरून गुळगुळीत झालेल्या असतात. अलीकडे कोणीतरी पायरीसारखा एक दगड किंवा सिमेंटचा जुना ठोकळा आणून ठेवलेला असतो. पलीकडे खडीचा उतार पावलांनी दबून तिथे मातकट पट्टा उमटलेला असतो आणि तो तिरपा न जाता थेट समोरच्या भिंतीतल्या दुसऱ्या खिंडाराकडे गेलेला असतो. त्या दुसऱ्या खिंडाराच्या बाहेर सार्वजनिक नळ असेल, शौचालय असेल, रिक्षा मिळण्याचा नाका असेल, नाहीतर शाळेचे फाटक. रेल्वे ते बुजवते, आठ-पंधरा दिवसांत ते पुन्हा उघडते, मग पुन्हा बुजवते. खरे तर कुठे पूल हवा याची पाहणी लोकांनी पायांनी फुकट करून दिलेली असते; ती अभियंत्याच्या नकाशावर तेवढी उतरवायची राहते. उपनगरी मृत्यूंचा आकडा उतरला त्यामागे भिंती आहेतच, पण त्यांच्या जोडीने वाढलेले पादचारी पूल आणि सरकते जिनेही आहेत. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या (एमयूटीपी) तिसऱ्या टप्प्यात दोन स्टेशनांच्या मधल्या भागातही कुंपण आणि पूल यांची कामे एकत्र घेतली गेली. हा बदल दिसायला लहान आहे, पण त्यात स्टेशनाबाहेरची वाटही आपल्या विषयात येते हे रेल्वेने मान्य केले आहे.

वडाळ्याचा प्रयोग या संदर्भात अनेकदा सांगितला जातो आणि तो सांगण्यासारखाच आहे. २००९च्या अखेरीस ‘फायनलमाइल’ या मुंबईतल्या सल्लागार संस्थेने तिथे तीन साध्या गोष्टी केल्या. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, मोटरमनने एक लांब भोंगा देण्याऐवजी तुटक दोन भोंगे द्यावेत असे ठरवले, आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे अगदी ओलांडण्याच्या जागी लावली. यामागे मानसशास्त्र होते. मोठी वस्तू प्रत्यक्षात येते त्यापेक्षा सावकाश येत आहे असे डोळ्यांना भासते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लाइबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात मांडले होते. पिवळे स्लीपर भराभर गाडीखाली जाताना दिसले की तिचा वेग नजरेला कळतो. पुढच्या सहामाहीत वडाळ्यातल्या मृत्यूंची संख्या आधीच्या सहामाहीच्या निम्म्याहून खाली आली. म्हणजे रूळ ओलांडणारा बेफिकीर असतोच असे नाही, त्याचा अंदाज चुकतो. आणि ‘जिवाची पर्वा नाही’ हे आपले स्पष्टीकरण फार सोयीचे होते. तरीही या प्रयोगाचे कौतुक एका मर्यादेत ठेवावेसे वाटते. ओलांडणाऱ्याचे डोळे तेवढे उघडले. त्याला ओलांडावे का लागते, हा प्रश्न रंगाच्या डब्याने सुटणारा नव्हता.

वाटेचा प्रश्न वाहनांच्या बाबतीत फाटकावर येतो, आणि तिथे तर दोन्ही बाजू एकमेकींच्या उरावर बसलेल्या असतात. सिग्नलशी जोडलेले फाटक नीट बंद होऊन कुलूप लागल्याखेरीज गाडीला हिरवा दिवा मिळत नाही. गर्दीच्या रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, दुचाकी दांड्याखालून घुसत राहतात, फाटकवाल्याला दांडा खाली आणता येत नाही, आणि तिकडे लोकल सिग्नलला उभी राहते. लोकलमधले फाटकवाल्यांच्या नावाने बोटे मोडतात, रस्त्यावरचे रेल्वेच्या नावाने. ठाणे जिल्ह्यातल्या दिवा स्टेशनचे फाटक हे याचे नेहमीचे उदाहरण. हजारो माणसे दोन्ही बाजूंना वसली, पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल वर्षानुवर्षे रखडला, आणि एका दांड्याने मध्य रेल्वेचे वेळापत्रक विस्कटत राहिले. २ जानेवारी २०१५ला तांत्रिक बिघाडाने लोकल कोलमडल्या तेव्हा याच दिव्यात लोक रुळांवर उतरले, दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्या हिंसेचे समर्थन नाही. पण जिथून जलद गाड्या धडधडत जातात आणि थांबत नाहीत, त्या गावाचा राग एका दिवसाच्या बिघाडातून येत नसतो. पुढे जलद लोकलला दिव्यात थांबे मिळाले, याचा अर्थ मागणी अवाजवी नव्हती. फाटक गेले की आणखी एक त्रास आपोआप जातो. फाटकाच्या अलीकडे रुळालगत ‘सी/फा’ अशी पिवळी पाटी असते. तिच्यापासून चालकाने शिटी देत यायचे असते. फाटक नाही तर पाटी नाही, आणि रात्री दोनला उशाशी वाजणारा भोंगाही नाही.

ब्रॉडगेजवरची रखवालदार नसलेली सगळी फाटके रेल्वेने जानेवारी २०१९पर्यंत बंद केली, हे मोठेच काम झाले. तिथे निर्णय, पैसा आणि जबाबदारी बहुतांशी एकाच घरात होती. रखवालदार असलेल्या फाटकांवर उड्डाणपूल बांधायचा म्हटला की घरे दोन होतात. फाटकावरून दिवसात जाणाऱ्या गाड्या आणि वाहने यांचा गुणाकार एक लाखावर गेला की रेल्वे आणि राज्य निम्मा निम्मा खर्च उचलणार, रुळांवरचा भाग रेल्वे बांधणार, दोन्हीकडचे पोचमार्ग राज्य किंवा पालिका बांधणार, अशी जुनी पद्धत. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात रुळांवरचा गर्डर बसून तयार आणि खाली उतरायला रस्ताच नाही, असे अधांतरी पूल महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. अंधेरीच्या गोखले पुलाची कथा या वाटणीचा कळस म्हणावी अशी. ३ जुलै २०१८ला त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, देखभाल कोणाची यावर पालिका आणि रेल्वे यांच्यात जुंपली. पुढे पूल पाडून नवा बांधला. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याची एक बाजू खुली झाली तेव्हा लोकांना दिसले की, नवा पूल आणि त्याला पूर्वी जोडलेला बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या पातळीत दीड-दोन मीटरचा फरक पडला आहे. रुळांवरची उंची रेल्वेच्या नियमाने वाढली आणि शेजारचा पूल होता तिथेच राहिला. मग बर्फीवाला पूल जॅक लावून उचलावा लागला. दोन्ही बाजूंचे अभियंते नालायक होते असे मानायचे कारण नाही. प्रत्येकाने आपल्या हद्दीतले काम आपल्या नियमाने केले, आणि दोन्ही हद्दी जिथे भिडतात ती जागा कोणाच्याच नकाशात ठळक नव्हती. राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांनी मिळून काढलेली ‘महारेल’ ही कंपनी आता रुळांवरचा भाग आणि पोचमार्ग असा अख्खा पूल एका हाताने बांधते, त्यामागचा विचार हाच आहे.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र पुलांचा नाही, माणसांचा आहे. विसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत वीस हजारांच्या आसपास कुटुंबे रुळांच्या इतकी जवळ राहत होती की, काही झोपड्यांचे दार आणि जाणारी गाडी यांच्यात हाताचेच अंतर असे. मुले रुळांवर खेळत, बायका रुळांच्या मधे कपडे वाळत घालत, गाड्यांना वेग उतरवून जावे लागे आणि नवे रूळ टाकायला जागाच नव्हती. रेल्वेची भूमिका सरळ होती: जमीन आमची, अतिक्रमण त्यांचे, हटवा. राज्याची भूमिकाही सरळ होती: जमीन रेल्वेची, आमचा काय संबंध? फेब्रुवारी २०००मध्ये हार्बर मार्गालगतच्या दोन हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या. त्यावरून मोठा निषेध झाला आणि पाडकाम थांबले. तोपर्यंत दुसरा मार्ग आखला गेला होता. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखाली १९९५मध्ये नेमलेल्या कार्यगटाने पुनर्वसनाचे धोरण सुचवले आणि १९९७मध्ये राज्याने ते स्वीकारले: प्रकल्पबाधित कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर मोफत. १९९९मध्ये मुंबई रेल विकास महामंडळ स्थापन झाले, ५१ टक्के वाटा रेल्वेचा आणि ४९ टक्के राज्याचा. पुनर्वसनाची जबाबदारी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) घेतली. एमयूटीपीला जागतिक बँकेचे कर्ज मिळाले ते २००२मध्ये.

पण कंपन्या आणि करारांनी माणसे हलत नाहीत. ‘स्पार्क’ ही संस्था, ‘महिला मिलन’ हे झोपडपट्टीतल्या बायकांचे बचत गट, आणि जोकिन अर्पुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन यांनी इथे जे केले ते सरकारी यंत्रणेला जमले नसते. त्यांनी झोपड्यांची मोजदाद वस्तीतल्या लोकांकडूनच करवून घेतली. कोणाचे घर कुठे, घरात किती माणसे, कोण किती वर्षे राहते, हे शेजाऱ्यांच्या समोर नोंदले गेले, त्यामुळे खोटी नावे घुसवणे अवघड झाले आणि खरी नावे गाळणेही. पन्नास-पन्नास कुटुंबांच्या सोसायट्या करून जुन्या शेजाऱ्यांना एकत्र हलवले. काहींना थेट पक्के घर मिळाले, अनेकांना आधी संक्रमण शिबिरात जावे लागले. सुमारे ६०,००० माणसे अशा रीतीने पोलिसी बळ न वापरता रुळांपासून दूर गेली, आणि पूर्ण प्रकल्पात हा आकडा लाखाच्या आसपास गेला. ज्या शहरात झोपडपट्टी हटवणे म्हणजे बुलडोझर आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा ताडपत्री, तिथे ही साधी गोष्ट नव्हती.

यावरचा आक्षेप मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत आजही ऐकू येतो: अतिक्रमण करणाऱ्याला फुकट घर दिले की पुढच्या दहा जणांना आमंत्रणच. याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. एक तर घर मिळाले ते मोजदादीत नाव असलेल्यांना, नंतर आलेल्यांना नाही. रिकाम्या झालेल्या पट्ट्यावर रेल्वेने लगेच भिंत किंवा रूळ टाकले तिथे वस्ती परत आली नाही, आणि ही मोकळी जागा राखणे हे तर निखळ रेल्वेच्या हद्दीतले काम आहे. दुसरे म्हणजे, घर ही मेहेरबानी नव्हती. त्याच्या बदल्यात रेल्वेला जादा मार्गांसाठी जमीन मिळाली आणि लाखो प्रवाशांना जास्त गाड्या. पण हा प्रयोग डाग नसलेला होता असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रकल्पाच्या रस्त्यांच्या भागात बाधित झालेल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४मध्ये जागतिक बँकेच्या तपास मंडळाकडे तक्रारी केल्या, मंडळाने २००५च्या शेवटी गंभीर त्रुटी दाखवल्या आणि बँकेने मार्च २००६मध्ये त्या भागाचे पैसे काही महिने रोखले. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या ठिकाणी इमारती इतक्या चिकटून उभ्या केल्या की खालच्या घरांत दिवसा दिवा लावावा लागतो. धुणीभांड्यांची कामे जुन्या वस्तीजवळ राहिली आणि घर गेले दूर. या चुकांतूनही मला तेच दिसते. घर देण्यापुरती जबाबदारी एका यंत्रणेने घेतली होती, घर दिल्यानंतरची कोणी घेतली नव्हती. आणि तक्रार नेमकी त्या रेषेपासून सुरू झाली. शिवाय तक्रार ऐकणारे एक मंडळ कर्जासोबत आले होते म्हणून ती ऐकली तरी गेली.

गोव्यात चित्र उलटे आहे. तिथे रुळांकडे सरकून आलेली वस्ती नाही, रूळच वस्तीकडे सरकत आहेत. मुरगाव बंदरापासून घाटापर्यंतचा मार्ग पोर्तुगीज काळात, १८८०च्या दशकात, एकेरी रूळ म्हणून झाला. कासावली, वेळसांव, आरोशी या गावांत तो घरांच्या अंगणाजवळून जातो. कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी बंदरात उतरणारा कोळसा याच मार्गाने वर चढतो, आणि दुपदरीकरण हवे आहे ते मुख्यतः त्या मालवाहतुकीसाठी, असा तिथल्या लोकांचा आरोप आहे. रेल्वे तो मान्य करत नाही. लोकांच्या तक्रारी अशा: जुन्या मातीच्या भिंतींना हादऱ्याने तडे जातात, धूळ घरात येते, दुसऱ्या रुळासाठी लागणारी जमीन रेल्वेची असल्याचे कागद दाखवा. नोव्हेंबर २०२०च्या पहिल्या रात्री चांदर गावात शेकडो लोक रुळांवर बसले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीने एप्रिल २०२१मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध मत दिले आणि मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या कुळे–कॅसलरॉक टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. रेल्वे समर्थक म्हणतात, प्रत्येक गावाला विचारत बसलो तर देशात एक रूळ पडायचा नाही. मला हा युक्तिवाद हिशेबातच चुकलेला वाटतो. गोव्यात गावांना आधी विचारले नाही म्हणून काम लवकर झाले का? वर्षे खटल्यांत गेलीच. विचारणे म्हणजे प्रत्येक गावाला नकाराधिकार देणे असाही त्याचा अर्थ नाही. हादरे किती, धूळ किती, किती घरांना, हे काम सुरू होण्याआधी मोजून गावासमोर मांडणे आणि त्याची भरपाई कोण करणार ते लिहून देणे, एवढे जरी झाले तरी ‘आमच्या हद्दीत आम्ही काहीही करू’ या बोलण्यातली धार जाते. हादरा काही सातबाऱ्याला विचारून थांबत नाही.

‘आधी कोण आले’ हा युक्तिवाद दोन्हीकडून केला जातो. मुंबईत रेल्वे म्हणते, आम्ही आधी आलो. गोव्यात गाव म्हणते, आम्ही. दोघांचेही खरे आहे. पण दोष कोणाचा हे त्यातून ठरेल, पूल किंवा भरपाई त्यातून मिळणार नाही. मुंबईत तर लोक रेल्वे असल्यामुळेच तिथे आले, राज्याने त्यांना बांधकामाचे परवाने दिले, पालिकेने त्यांच्याकडून कर घेतला आणि रेल्वेने पासचे पैसे. एवढ्या साऱ्यांचा फायदा झाल्यावर रूळ ओलांडण्याची जोखीम तेवढी पायी चालणाऱ्याच्या वाट्याला यावी, हे कुठल्या न्यायात बसते?

शेवटी गाडी पैशापाशीच येते. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या अमेरिकेतल्या दोन शहरांची बंदरे जवळजवळ आहेत, आणि तिथून निघणाऱ्या कंटेनरच्या मालगाड्या दाट वस्तीतून जात, रस्ते तासन्तास अडत. दोन्ही शहरांनी मिळून एक स्वतंत्र प्राधिकरण काढले आणि एप्रिल २००२मध्ये अलामेडा कॉरिडॉर सुरू केला: वीस मैलांचा मार्ग, त्यातले दहा मैल जमिनीखाली खोदलेल्या उघड्या चरातून, सुमारे दोनशे फाटके एका फटक्यात बाद. खर्च सुमारे २४० कोटी डॉलर. त्यातला मोठा भाग कर्ज काढून उभा केला आणि ते कर्ज फेडण्यासाठी त्या मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर शुल्क बसवले. ज्याच्या मालामुळे रस्ता अडत होता त्याच्याच मालावर मार्गाचा खर्च, असा तो सरळ हिशेब. गोव्याच्या कोळशाला हा हिशेब लावता न येण्यासारखे काही नाही. मुंबईत त्याचे एक रूप आधीच आहे: एमयूटीपीच्या खर्चासाठी लोकलच्या तिकिटावर अधिभार घेतला गेला, आणि प्रवाशांनी तो दिला. घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कावर मेट्रोसाठी एक टक्का जादा दिला जातोच. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ म्हणून फ्लॅटचा भाव वाढवणाऱ्या बिल्डरकडून स्टेशनालगतच्या पुलासाठी काही घ्यावे, हे मात्र अजून कोणाला सुचलेले दिसत नाही. ती पाच मिनिटे बऱ्याचदा रूळ ओलांडूनच मोजलेली असतात.

हे सगळे आता लगेच लागू पडणारे आहे, कारण मुंबई परिसरात रूळ वाढत आहेत. विरार–डहाणू मार्गाचे चौपदरीकरण चालू आहे, कल्याण–बदलापूर दरम्यान तिसरी आणि चौथी मार्गिका होत आहे. पालघर जिल्ह्यातल्या गावात शेतावर, शाळेला किंवा किनाऱ्याकडे जाणारा माणूस आज दोन मार्गिका ओलांडतो. तो उद्या चार ओलांडेल, आणि धीमी गाडी गेली म्हणून पाऊल टाकताना पलीकडून येणारी जलद गाडी त्याला दिसणार नाही. लोक कुठे ओलांडतात ते त्या खडीवर आजच दिसते. रुळांच्या अंदाजपत्रकात त्या जागांवरचे पूल आणि भुयारी वाटा यांचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली न टाकता रुळांच्याच खर्चात धरावा, आणि पोचमार्गासकट अख्खे काम एकाच यंत्रणेच्या नावावर करून मगच नव्या मार्गिकेवरून पहिली गाडी सोडावी, एवढी अट जिल्हा परिषदांनी, नगरपालिकांनी आणि आमदार-खासदारांनी आत्ता घालायला हवी. मार्गिका सुरू झाल्यावर ती घालायला गेलात तर रेल्वे नम्रपणे सांगेल की पोचमार्ग तुमच्या हद्दीत येतो.